टब नाराज आहे

अख्ख्या रायपुरात आज जी यंत्रं सुरळीत चालली आहेत, ती केवळ आमच्या भाऊजींची नजर अजून त्यांच्यावर गेली नाही म्हणून चालली आहेत, असं माझं ठाम मत आहे. आणि जी बंद पडून पुन्हा चालू झाली, तीही भाऊजींमुळेच, हे मला मान्य करावं लागतं, कारण माझ्या घरचा कूलर त्यातलाच आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहराबाहेर कारखान्यांच्या भागात, उरल्याच्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सचे फोरमन म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. निवृत्त झाले त्या दिवशी मिलवाल्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी त्याच संध्याकाळी उघडलं. मी पडलो सरकारी कचेरीतला माणूस. एखादी वस्तू चालत नसेल तर ती आपल्या कर्मानं चालत नाही, आपण तिच्या वाटेला जाऊ नये, ही माझी वृत्ती. भाऊजींचं नेमकं उलट. बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांना भुकेल्या माणसाला पंगत दिसावी तसं होतं. चौबे कॉलोनीत त्यांचं घर आणि समता कॉलोनीत माझं, त्यामुळे त्यांना कामाच्या वेळी टॉर्च धरायला माणूस लागला की मी आयता सापडतो. गेली कित्येक वर्षं आमच्या नात्यात मी मेहुणा कमी आणि टॉर्च जास्त आहे.

यंत्र बिघडलं, असं भाऊजी कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, नाराज आहे. मिक्सर नाराज आहे, पाण्याची मोटर नाराज आहे, शेजाऱ्यांची स्कूटी सकाळपासून नाराज आहे. आणि एकदा नाराज म्हटलं की तिची समजूत काढेपर्यंत त्यांना घास गोड लागत नाही. त्यासाठी त्यांच्याजवळ हातभर लांबीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, आहे. त्याचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मिलमध्ये बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात म्हणे. पण मिलमध्ये ऐकणं वेगळं आणि माझ्या लग्नात ऐकणं वेगळं. इकडे मंगलाष्टकं चालली होती आणि तिकडे आमचे भाऊजी मंडपामागच्या जनरेटरला पेचकस लावून बसले होते. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ते नाहीत. एका फोटोत कनातीखालून दोन पाय दिसतात, ते त्यांचे. नंतर भेटायला स्टेजवर आले, माझा हात हातात घेतला, मला वाटलं आता आशीर्वाद देतील. तर कानाशी येऊन म्हणाले, "साळेबुवा, जनरेटर जास्त वेळ काढत नाई. विदाई लवकर करून घ्या." आम्ही लवकर केली नाही, आणि ऐन विदाईत अंधार झाला. माझ्या सासूबाई अजून म्हणतात की मुलगी जाताना त्यांना नीट दिसलीच नाही.

दुसरी खोड कुलपांची. कारखान्यात मोठं यंत्र उघडायचं असलं की त्यावर काम करणारा प्रत्येक जण मेन स्विचला आपापलं कुलूप घालतो आणि चावी खिशात ठेवतो. सगळे आपापलं कुलूप काढतील तेव्हाच यंत्र चालू होतं, म्हणजे कुणाचा हात आत असताना चुकून बटण दाबलं जायला नको. नियम उत्तमच आहे. फक्त तो गिझरला लावायचा नसतो, हे भाऊजींना कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या घरी प्रत्येकाच्या नावाचं कुलूप आहे. ताईचं आहे, माझ्या भाचीचं आहे, टॉर्च म्हणून माझंही आहे. एकदा त्यांनी बोअरची मोटर दुरुस्त केली, आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं कुलपं घातली, आणि काम संपायच्या आत ताईला एका डोहाळजेवणासाठी नागपूरची गाडी पकडावी लागली. चावी तिच्या पर्समध्ये. मोटर ठणठणीत झालेली, पण घरात पाण्याचा थेंब नाही. माझी भाची मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, ताला तोड़ दो ना, मम्मी तो नागपुर में है." भाऊजी म्हणाले, "कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे, पोट्टे. दुसऱ्याचं कुलूप तोडत नाईत." ताई परत येईपर्यंत बापलेक रोज माझ्या घरी अंघोळीला येत होते. आम्ही खूप हसलो. पण भाऊजींच्या शिफ्टमध्ये कधी कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही, ही गोष्ट मला उरल्याच्या माणसांनी सांगितली, भाऊजींनी नाही. तेव्हापासून मी त्या कुलपाला निदान तोंडावर तरी हसत नाही.

तर अशा या माणसाच्या घरात गेल्या दिवाळीच्या आधी ताई गेटच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पुढं पाय बरेच दिवस पट्ट्यात सरळ ठेवायचा होता, तोही ठेवला. पण पट्टा निघाला तेव्हा गुडघा वाकायलाच तयार नाही. डॉक्टर म्हणाले, आता रोज वाकवायचा. पुढच्या तपासणीपर्यंत काटकोनाच्या जवळ आला नाही तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. ताईनं भुलीचा धसका घेतला होता. पहिल्या ऑपरेशननंतर तिनं सबंध संध्याकाळ पोटच्या मुलीला ओळखलं नव्हतं, आणि ते तिला नंतर आठवत होतं. "पायानं लंगडी राहीन, पण पुन्हा ते सुंगायचं नाई," असं तिनं मला स्पष्ट सांगून टाकलं. व्यायाम करवून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी येई. ती पाय दाबायची आणि ताई उशी तोंडात धरून रडायची. उभा जन्म लाल तापलेल्या लोखंडासमोर काढलेला आमचा हा माणूस त्या वेळेला घरात थांबत नसे. मागच्या अंगणात जाऊन उगाच नळाचा वायसर बदलत बसे. त्या नळाला त्या महिन्यात जेवढे वायसर मिळाले, तेवढे साऱ्या कॉलनीत कुणाला मिळाले नसतील. एक दिवस ती मुलगी जाता जाता सहज बोलली, "आंटी गरम पानी में बैठके करतीं तो दर्द आधा हो जाता." नळापाशी बसलेल्या भाऊजींनी मान वर केली. तेव्हाच मी ओळखलं की आता आपला टॉर्च निघणार.

मिलच्या सेठजींचं शहराबाहेर एक फार्महाउस होतं. कधी काळी पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी तिथं गरम पाण्याचा टब बसवला होता. चार माणसं बसतील एवढा हौद, आत बसायला ओटे, भिंतीतून पाण्याचे फवारे, खाली पाणी फिरवणारा पंप आणि तापवणारा हीटर. पाहुणे दोन हिवाळे बसले आणि नंतर त्यात फक्त आंब्याची पानं बसली. भाऊजींनी तो टब कधीतरी पाहून ठेवला होता. सेठजी म्हणाले, "ले जाओ, बस भट्टी में मत डाल देना." मग एका रविवारी सकाळी मिलची हायड्रा, म्हणजे ती लहान क्रेन, चौबे कॉलोनीत शिरली आणि हिरवट रंगाचा तो हौद भिंतीवरून झुलत झुलत मागच्या अंगणात उतरला. सारा पारा, म्हणजे आख्खा मोहल्ला, बघायला जमला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "भैया, स्विमिंग पूल मँगाए हो क्या?" भाऊजी म्हणाले, "नहीं दीदी, घुटने की मशीन है."

मशीन कसली, उंदरांची धर्मशाळा होती ती. त्यांनी वायरी कुरतडलेल्या, पंप गंजून बसलेला, कंट्रोलच्या डब्यात मुंग्यांचं वारूळ. भाऊजींच्या तोंडावर मात्र निवृत्तीनंतर पहिल्यांदा तेज आलं. त्यांनी पंप मोकळा केला, नव्या वायरी टाकल्या, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं, कुठं वीज झिरपली तर प्रवाह आपोआप तुटेल असं यंत्र बसवलं, वर पत्र्याची शेड घातली. सगळं झाल्यावर पाणी भरलं, तापवलं, आणि म्हणाले, "आधी साळेबुवा बसतील." मी म्हटलं, "मीच काहून?" तर म्हणाले, "तुमचं वजन तुमच्या ताईच्या बरोबरीचं आहे. पाणी किती चढते ते पाहा लागते." मी देवाचं नाव घेऊन बसलो. काही झालं नाही. खरं सांगायचं तर इतकं बरं वाटलं की भाऊजींना मला दोनदा हाका मारून बाहेर काढावं लागलं.

टबात जायच्या आधी तेल, हे भाऊजींनीच ठरवलं. तसं ते कुणी ठरवायलाही नको. दिवाळीची पहाट असो की बाळंतिणीचं न्हाण, आपल्यात आधी तेल आणि मग ऊन पाणी. त्यातून भाऊजींच्या लेखी गुडघा म्हणजे बेअरिंगच, आणि बेअरिंग कोरडं फिरवणं हे पाप. तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा टाकून त्यांनी स्वतः ते कढवलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि लांब नळीच्या, दाबली की टुक्क करणाऱ्या, मशीनला तेल घालायच्या नव्या कोऱ्या कुप्पीत भरलं. संध्याकाळी ताई खुर्चीवर बसायची, भाऊजी पाटावर. गुडघ्याभोवती टुक्क, टुक्क करत तेल सोडायचं आणि दोन्ही हातांनी हळूहळू जिरवायचं. हात सारे घट्ट्यांचे, पण फिरायचे असे की जणू पापड लाटतायत. त्या अर्ध्या तासात ते कुठल्याही यंत्राकडं कान लावत नसत. ताईशी बोलत. आज भाजी कशाची, अमक्याच्या लग्नाला जायचं की नाही, असलंच काहीतरी. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही, पण मी त्यांचा संसार पाहिलेला आहे. भाऊजींना कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि मिल बंद पडली की पाळी-बिळी काही नाही, सरळ दोन दिवस गायब. ताई एकटी जेवायची आणि त्यांचं ताट झाकून ठेवायची. पूर्वी एकदा ती मला हसत हसत म्हणाली होती, "मी मोटर असती ना, तर तुझ्या भाऊजींनं माझ्याकडं पाह्यलं असतं." ती हसली म्हणून मीही हसलो होतो.

पहिल्या आठवड्यात टबानं कमाल केली. ताई काठाला घट्ट धरून पाण्यात बसली, फिजिओवाल्या मुलीनं पाण्यात हात घालून पाय हळूच मागं नेला, आणि गुडघा वाकला. थोडाच वाकला, पण उशी तोंडात न धरता वाकला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. भाची टाळ्या वाजवत होती. भाऊजी पंपाला पेचकस लावून पाठमोरे बसले होते, पण त्यांचं डोळे पुसणं चाललं होतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आणि मग टब नाराज झाला. चालू केला की थोडा वेळ व्यवस्थित चाले. मग फवारे मंदावत, काठावरच्या छोट्या पडद्यावर तीन अक्षरं लुकलुकायला लागत आणि हीटर बंद. अक्षरांचा अर्थ एवढाच, की पाणी पुरेसं फिरत नाही, म्हणून मी तापवणार नाही. आता पाणी का फिरत नाही, याची कारणं भाऊजींना पाठ होती आणि त्यांनी ती एकेक करून धरायला घेतली. पहिला संशय विजेवर. संध्याकाळी दाब कमी होतो म्हणून स्टॅबिलायझर आला. मग पाइपात हवा अडकली असेल म्हणून त्यांनी पंपाजवळचा जोड सैल केला. फुस्स करून हवा निघाली आणि मागोमाग निघालेलं पाणी माझ्या सदऱ्यावर आलं. मग आमच्या बोअरचं खारं पाणी म्हणून हीटर उघडला. त्याच्या कांडीवर खरोखरच चुन्याचा थर होता, तो लिंबाच्या सतात भिजवून काढला. मग प्रवाह ओळखणारा स्विच बदलला. मग पंपाचं सील, मग बेअरिंग. दरवेळी कुलपं लागत, आणि दरवेळी आम्ही सगळे चाव्या घेऊन हजर असू. दरवेळी दुरुस्तीनंतर टब थोडा वेळ चाले, आणि भाऊजी म्हणत, "निम्मा फॉल्ट सापडला." असे निम्मे निम्मे इतके फॉल्ट सापडले की त्यांचे दोन टब झाले असते.

या पंपाच्या आधी एक फिल्टर असतो. कागदासारख्या कापडाच्या दाट चुण्या घातलेलं, हातभर उंच गोल नळकांडं. प्रत्येक दुरुस्तीच्या शेवटी भाऊजी तो काढून नळाच्या धारेखाली धुवायचे, उन्हात धरून पाहायचे आणि म्हणायचे, "फिल्टर ओके." दिसायचाही तो पांढराशुभ्र. मी एकदा धीर करून सुचवलं की भाऊजी, फिल्टर काढून ठेवून नुसता पंप चालवून बघू या का? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू देव्हाऱ्यात चप्पल घेऊन शिरलो आहे. "जाळी काढून पंप चालवत नाईत, साळेबुवा. मिलमध्ये ज्यानं असा चालवला, त्याले मी गेटबाहेर काढला आहे." विषय संपला. मी टॉर्च पुन्हा नीट धरला.

इकडे तपासणीचा दिवस जवळ येत होता. कोमट पाण्यात ताईचा पाय आक्रसायचा आणि पुन्हा उशी तोंडात गेली होती. फिजिओवाली मुलगी मोजायची आणि गप्प बसायची. ताईसुद्धा या दिवसांत अगदी गप्प झाली होती. मला वाटे, भुलीची भीती. भाऊजींचं जेवण कमी झालं. तेल मात्र त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. टब तापो न तापो, संध्याकाळी पाटावर बसून ते कुप्पी दाबायचेच, उलट पाणी गार म्हणून जरा जास्तच दाबायचे.

शेवटच्या रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा भाऊजी अंगणात पालथ्या बादलीवर बसले होते. पंप जोडलेला होता, पेचकस जमिनीवर पडला होता. पडद्यावर तीच तीन अक्षरं. मला पाहून म्हणाले, "साळेबुवा, माझ्याच्यानं नाई होत." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "एखादा मिस्त्री बोलावू बाहेरचा." ते म्हणाले, "मी सगळं उघडून पाह्यलं. आता उघडाले काही राह्यलं नाई. डॉक्टर म्हणतात तसं होऊ दे. तिच्या नशिबी ते लिहिलं असंन तर मी काय करू." आणि त्यांनी खिशातून फोन काढून मिलमध्ये लावला, की संध्याकाळी हायड्रा पाठवा, टब उचलून न्यायचा आहे.

"फोन ठेवा तो."

वॉकर धरून ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मागं भाची. भाऊजींनी फोन खाली घेतला.

"टबाले काही नाई झालं," ताई म्हणाली. "ते तेलानं होऊन राहिलं."

"कोणतं तेल?"

"तुमचं. माझ्या पायाचं तेल सारं पाण्यात जाते अन् त्या जाळीत बसते. तुम्ही नळाखाली धुता, म्हणून वरून पांढरी दिसते. गॅसवरच्या चिमणीची जाळी बी अशीच दिसते. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवल्याशिवाय ते सोडत नाई."

फोनमधून मिलचा माणूस हलो हलो करत होता, तो भाचीनं बंद केला. दरवेळी दुरुस्तीनंतर टब थोडा वेळ का चालायचा, हे माझ्यासुद्धा डोक्यात उतरलं. चालायचा तो नव्या सीलनं नव्हे, शेवटी जाळीवर मारलेल्या त्या नळाच्या धारेनं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही आम्ही टॉर्च लावून घातला होता.

"तुले कवा समजलं?" भाऊजींनी विचारलं.

"पहिल्यांदा बंद पडला तवाच. तुम्ही जाळी वाळाले ठेवली होती, मी हात लावून पाह्यली."

"मम्मी, आपको पता था?" भाची म्हणाली. "पापा इतने दिन से पंप खोल-खोलके बैठे हैं."

"मग सांगतलं काहून नाई?" भाऊजींचा आवाज चढला नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

ताईनं वॉकरवरची पकड बदलली. "सांगतलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी तेल बंद केलं असतं."

"बंदच करा लागते ना."

"म्हणूनच नाई सांगतलं," ताई म्हणाली, आणि मग इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बोलली. "पाण्यात पाय वाकते, ते खरं आहे. पण मले दिवसभर वाट त्या तेलाची राहते. सारा संसार झाला, पोट्टी मोठी झाली, तुम्ही कधी अर्धा घंटा माझ्यापाशी बसले नाई. आता बसून राहिले. मले वाटलं, नाई वाकला गुडघा तर नाई वाकला. पण आज तुमचं तोंड पाहवलं नाई."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण टॉर्चला कुणी जा म्हटल्याशिवाय जाता येत नाही. मी शेजाऱ्यांच्या शेवग्याकडं पाहत राहिलो. माझी बहीण मला जन्मापासून माहीत आहे, आणि तिला कशाची भूक आहे हे मला त्या सकाळपर्यंत कळलं नव्हतं. भाऊजी बराच वेळ आपल्या दोन्ही तळहातांकडं बघत बसले. मग उठले, टबाचं झाकण सरकवलं, फिल्टर बाहेर काढला आणि त्याच्या चुणीत अंगठा घालून अंगठ्याला बोट घासून पाहिलं. नाकाशी नेलं. लसूण.

"सोडा कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"सिंकच्या खाली. निळ्या डब्यात."

फिल्टर दिवसभर सोड्याच्या पाण्यात भिजला. त्यातून जे निघालं ते बघून माझी आठ दिवस भजी खायची इच्छा गेली. अंगणात असा वास सुटला की शेजारच्या बाई भिंतीवरून विचारायला आल्या, चटणी कशाची करताय. टबाचं पाणी सोडून दिलं, हौद आतून घासला, नवीन पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी बटण दाबलं. फवारे असे सुटले की शेडच्या पत्र्यावर टपटप आवाज झाला. आम्ही सगळे त्या पडद्याकडं डोळे लावून बसलो होतो. तीन अक्षरं काही आली नाहीत. दुपारपर्यंत पाण्यावर वाफ दिसायला लागली, आणि भाऊजी कुणाशी न बोलता आत गेले आणि कुप्पी घेऊन आले.

ताई म्हणाली, "आता काहून आणली ती?"

"आधी पाणी, मंग तेल," भाऊजी म्हणाले. "पाण्यातून निघाली, अंग पुसलं, की लावून देतो. मंग पाण्यात जाचं नाई."

"आपल्यात उलटं असते."

"असू दे. आपल्यात टब बी नव्हता."

ताई हसली. खूप दिवसांनी हसली, आणि हसताना वॉकर सोडून तिनं खुर्चीची पाठ धरली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. पुढचे थोडेच दिवस हातात होते, पण पाणी चांगलं ऊन होतं आणि ती मन लावून पाय वाकवत होती. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले की काटकोन अजून थोडा लांब आहे, पण येतोय, भुलीची गरज नाही, हेच चालू ठेवा. भाऊजींनी लगेच विचारलं, "तेल बी?" डॉक्टर म्हणाले की तेलानं गुडघा वाकत नाही, पण लावायला हरकतही नाही. भाऊजींनी यातलं फक्त शेवटचं ऐकलं.

आता उन्हाळा लागला आहे. रायपूरच्या उन्हाळ्यात गरम पाण्याच्या टबात बसायला माणूस ठार वेडा पाहिजे. त्यामुळे टब झाकून ठेवलेला आहे आणि भाऊजी अधूनमधून त्याला पेचकस लावून उगाच विचारपूस करतात. परवा सकाळी मी बाजारात गेलो होतो. तिथं भाजीवाल्या बाईसमोर एक बाई मजेत उकिडवी बसून लाल भाजीच्या जुड्या निवडत होती, भावावरून घासाघीस करत होती, आणि पिशवी भरल्यावर गुडघ्याला हातसुद्धा न लावता उठून चालायला लागली. ती आमची ताई होती. मी गर्दीत मागं होतो, तिनं मला पाहिलं नाही.

संध्याकाळी मुद्दाम तिच्या घरी गेलो. ताई खुर्चीवर, उजवा पाय समोरच्या स्टुलावर, भाऊजी पाटावर, आणि टुक्क, टुक्क चाललेलं. मी तोंड उघडणार एवढ्यात ताई म्हणाली, "अजून ठणकते रे संध्याकाळी," आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी उघडलेलं तोंड चहाच्या कपाला लावलं. भाऊजींची मान खाली होती. चहा झाल्यावर ते मला सोडायला गेटपर्यंत आले. तेल लागलेले हात त्यांनी अंगापासून लांब धरले होते.

"सकाळी बाजारात गेल्ते काय, साळेबुवा?"

"हव."

"दिसली काय?"

मी गेटची कडी काढायला लागलो.

"मी बी पाह्यली मागच्या हप्त्यात," भाऊजी म्हणाले. "उकिडवी बसते, उठते, सारं करते. काही ठणकत नाई तिचं. गुडघा एकदम ओके आहे."

"मग हे तेल?"

त्यांनी एकदा घराच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिले सांगू नका, मले समजलं म्हणून."

आतून ताईनं हाक मारली, तेल थंड होऊन राहिलं, येता की नाही. आणि ज्या माणसाला मी मिलच्या भोंग्याशिवाय दुसऱ्या कशासाठी घाई करताना पाहिलं नव्हतं, तो माणूस माझा निरोपसुद्धा न घेता भराभर चालत आत गेला.